गाडीचा एसी आणि ‘गॅस कमी झालाय’ हे निदान

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथला उन्हाळा तसा सुसह्य असतो आणि गाडीचा एसी थोडा कमी थंड करत असला तरी तो खपून जातो. परंतु एप्रिल-मेमध्ये दुपारच्या वेळी चिकोडी, रायबाग किंवा अथणीकडे निघाले की तोच एसी किती पाण्यात आहे ते स्पष्ट कळते. मग गाडी गॅरेजात जाते आणि बॉनेट उघडताच, पुष्कळदा त्याआधीच, एक ठरलेले वाक्य ऐकू येते : “सर, गॅस कमी झालाय, मारून देतो.” या वाक्यावर माझी हरकत आहे. गॅस कधी कमी होतच नाही असे मी म्हणत नाही. पण तपासणीच्या शेवटी यायला हवा तो निष्कर्ष सुरुवातीलाच काढला जातो, आणि त्यापायी सीमाभागातल्या अनेक कुटुंबांचे पैसे दर उन्हाळ्यात वाया जातात.

एसीतला गॅस जळत नाही आणि वापरून संपतही नाही. सध्याच्या बहुसंख्य गाड्यांमध्ये आर-१३४ए हा वायू असतो आणि साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. माठाच्या अंगातून झिरपलेले पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, तेच काम हा वायू डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉईलमध्ये करतो. फरक इतकाच की त्याची वाफ बाहेर जात नाही. कॉम्प्रेसर ती ओढून घेतो, दाबतो, पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता सोडून पुन्हा द्रवरूप होते, आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून, म्हणजे दाब एकदम कमी करणाऱ्या बारीक झडपेतून, परत कॉईलमध्ये येते. चक्र बंदिस्त असते. रबरी होज आणि कॉम्प्रेसरचे सील यांतून काही वर्षांत थोडा वायू झिरपतो, एवढी घट नैसर्गिक मानता येईल. मात्र गेल्या उन्हाळ्यात भरलेला गॅस या उन्हाळ्यात संपला असेल, तर कुठेतरी गळती आहे आणि ती शोधल्याशिवाय नवीन गॅस भरण्यात अर्थ नाही.

म्हणून गॅरेजात जाण्यापूर्वी गाडीच्या मालकानेच लक्षणे नीट पाहून ठेवावीत. हवा कमी येते की हवा भरपूर येऊनही गार नसते, हा भेद सर्वांत आधी करावा, कारण या दोन तक्रारींची कारणे अगदी वेगळी आहेत. ब्लोअर पूर्ण वेगाने फिरतो, आवाज मोठा येतो, तरी झरोक्यातून झुळूकच येते, असे असेल तर गॅसचा विचारही करू नये. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे केबिन फिल्टर असतो. तो हाताने काढून पाहता येतो. खानापूरकडच्या कच्च्या रस्त्यांवरून नेहमी जा-ये करणाऱ्या गाडीचा फिल्टर लाल मातीने किती लवकर भरतो, हे पाहणाऱ्याला खरे वाटत नाही. काही जुन्या, कमी किमतीच्या मॉडेलांत हा फिल्टरच दिलेला नसे. तिथे सगळी धूळ ओल्या कूलिंग कॉईलवर जाऊन बसते आणि कॉईल साफ करून घ्यावी लागते.

हवा भरपूर आहे पण गार नाही, अशी तक्रार असेल तर ती केव्हा जाणवते ते पाहावे. गाडी धावत असताना थंडावा चांगला असतो आणि थांबली की दोन-चार मिनिटांत कोमट हवा येऊ लागते, हे लक्षण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर मालगाडीची वाट पाहत उभे राहिले की ते आपोआप तपासले जाते. धावत्या गाडीत समोरून येणारा वारा कंडेन्सरमधली उष्णता वाहून नेतो. उभ्या गाडीत ते काम एकट्या पंख्यावर येते. इंजिन मंद फिरत असल्यामुळे कॉम्प्रेसरही मंद असतो, म्हणून उभ्या गाडीत थोडा फरक पडणारच, पण हवा चक्क कोमट होणे हे पंख्याकडे किंवा कंडेन्सरकडे बोट दाखवते. एसी चालू करून, गाडी उभी ठेवून, बॉनेट उघडून पाहावे : बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर चालू होताच पंखा फिरू लागायला हवा. काही गाड्यांत पंख्याला दोन वेग असतात आणि मंद वेगाचा रेझिस्टर (वीज कमी करून पंखा हळू फिरवणारा भाग) जळला की पंखा मंद वेगावर फिरतच नाही. इंजिन फार तापल्यावरच तो एकदम मोठ्याने सुरू होतो. निपाणीच्या माझ्या मेहुण्यांच्या गाडीत नेमके हेच झाले होते. एका गॅरेजने त्यांना गॅस भरून दिला, आठवडाभरात तक्रार जशीच्या तशी परत आली, आणि शेवटी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका वयस्क वायरमन मामांनी रेझिस्टर बदलून दिल्यावर एसी पूर्ववत झाला. गॅस आधीही पुरेसाच होता.

याच मामांनी दाखवलेली एक चाचणी कुणालाही करता येईल. गाडी उभी ठेवून एसी चालू करावा आणि समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर मगभर साधे पाणी सावकाश ओतावे. पंख्याच्या मोटरवर व वायरिंगवर पाणी जाऊ देऊ नये. आतली हवा लगेच स्पष्टपणे गार झाली, तर गॅस आपले काम करतो आहे, उष्णता बाहेर पडण्यात अडचण आहे, असे समजावे. पाण्याने काहीच फरक पडला नाही, तर शोध दुसरीकडे न्यावा.

कंडेन्सरची अडचण आपल्या भागात विशेष आहे, आणि इथे मी थोडे आग्रहाने लिहितो. गाळप हंगामात चिकोडी, रायबाग, अथणी, कागवाडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. त्यांच्यामागून जाताना उसाचा वाळलेला पाला, त्याचे बारीक कूस आणि धूळ गाडीच्या जाळीतून आत जाते आणि कंडेन्सरच्या पातळ पात्यांत रुतून बसते. हंगाम उन्हाळ्याच्या तोंडावर संपतो, म्हणजे कंडेन्सर सर्वांत जास्त भरलेला असतो तेव्हाच त्याच्याकडून सर्वांत जास्त काम घ्यायचे असते. समोरून पाहिले तर तो बराचसा स्वच्छ दिसतो. खरा कचरा पुष्कळदा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत साचलेला असतो. तो काढताना साधा पाईप आणि बेताचा दाब वापरावा, आणि शक्य असेल तिथे आतून बाहेरच्या दिशेने पाणी मारावे. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने पाती वाकतात आणि एकदा आडवी झालेली पाती वारा कायमचा अडवतात. हंगाम संपल्यावर हे काम करून घेण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी असे मला वाटते.

याच्या उलट, सुरुवातीला उत्तम थंडावा, मग तासाभराच्या प्रवासानंतर हवाच कमी कमी होत जाते, आणि ढाब्यावर थोडा वेळ थांबून निघाल्यावर पुन्हा सगळे ठीक, असा अनुभव असेल तर कूलिंग कॉईलवर बर्फ धरतो आहे. त्यामागे बहुधा कॉईलचे तापमान मोजणारा सेन्सर किंवा तुंबलेला फिल्टर असतो. एका बाजूच्या झरोक्यातून गार आणि दुसऱ्या बाजूने कोमट हवा येत असेल, तर गरम व गार हवा मिसळणारी आतली झडप तपासावी. गॅस कमी असतानाही काही गाड्यांत असे होते, म्हणून यावर एकट्यावर निर्णय देऊ नये.

आता गॅस खरोखर कमी असल्याची वेळ. गळती जिथे असते तिथे वायूबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही थोडे बाहेर येते आणि त्यावर धूळ चिकटते. म्हणून पाईपांच्या जोडांवर, कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यांत, कॉम्प्रेसरच्या पुढच्या बाजूला तेलकट काळा डाग दिसतो का ते पाहावे. डाग नसेल तर नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने किंवा चमकणारा रंग सोडून निळ्या दिव्याने गळती शोधता येते. इंजिन बंद असताना गेज लावून “दाब कमी आहे” किंवा “दाब बरोबर आहे” असे सांगणाऱ्यावर विसंबू नये. ३५ अंशांच्या दुपारी बंद गाडीत गेज ११० पीएसआयच्या आसपास दाखवतो, मग आत निम्मा गॅस असो वा पूर्ण. द्रवरूप गॅस थोडा जरी शिल्लक असेल तरी हा दाब फक्त तापमानावर ठरतो.

गळती दुरुस्त झाल्यावर ड्रायर (आतला ओलावा शोषणारी डबी) बदलणे आणि आतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवणे या दोन गोष्टी टाळू देऊ नयेत. आत राहिलेली दमट हवा दाब वाढवते, आणि पाण्याचा अंश एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठतो व तेलाबरोबर आम्ल तयार करतो. इथे बेळगावच्या वाचकांसाठी एक खास गोष्ट सांगितली पाहिजे. समुद्रकिनाऱ्यावर पूर्ण व्हॅक्यूम झाल्यावर गेजचा काटा (पाऱ्याच्या) जवळपास ३० इंचांवर जातो. आपल्या उंचीवर बाहेरच्या हवेचाच दाब कमी असल्यामुळे तो २७ इंचांच्या आसपास थांबतो. तेव्हा काटा ३० वर गेला नाही म्हणून पंप खराब आहे किंवा गळती आहे असे कुणी म्हणाले तर ते मान्य करू नये. पंप बंद केल्यावर काटा तिथेच स्थिर राहतो का, एवढेच पाहावे.

गॅस वजन करूनच भरावा. बॉनेटखालच्या स्टिकरवर वायूचे नाव आणि ग्रॅममधले प्रमाण छापलेले असते. लहान गाड्यांत ते साधारण अर्ध्या किलोच्या आतबाहेर असते, त्यामुळे शंभर ग्रॅमची चूकही मोठी ठरते. अंदाजाने वरून भरलेला जादा गॅस थंडावा वाढवत नाही, उलट कंडेन्सरमधला दाब वाढवून तो कमी करतो आणि कॉम्प्रेसरवर ताण आणतो. आधीचा गॅस हवेत सोडून देणेही चुकीचे आहे : आर-१३४एचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ करतो. तो यंत्राने काढून घेता येतो, आणि किती निघाला याचे वजन केले की मूळ शंकेचेही उत्तर मिळते. स्टिकरवरच्या प्रमाणाइतकाच गॅस निघाला, तर दोष दुसरीकडे आहे हे तिथेच सिद्ध होते.

म्हणून गॅरेजात मी बिलावर तीन नोंदी लिहून मागतो : गॅस किती ग्रॅम निघाला, किती ग्रॅम भरला, आणि गळती कुठे सापडली. चांगला कारागीर या मागणीने रागावत नाही. उद्यमबागेत आणि संकेश्वरात असे कारागीर मी पाहिले आहेत, आणि त्यांची मजुरी थोडी जास्त असली तरी ती आनंदाने द्यावी.