पाणी नसताना

"रिकामा समुद्र बघितलायस का कधी?"

दोन तास गळ टाकून एकही मासा न लागलेल्या माणसाला कुणी असं विचारलं तर राग येणारच. आला.

विचारणारे आजोबा शेजारच्या खडकावर होते. टोपलीत तीन मासे. गळ माझ्यापेक्षा निम्म्या अंतरावर टाकत होते. मी आपला सगळा जोर लावून लांब फेकतोय.

दुपारी पूर्ण ओहोटीला त्यांनी मला खाली नेलं. माझा गळ सकाळभर जिथे पडत होता तिथे नुसती सपाट वाळू. त्यांच्या जागी मात्र खडकांमधून गेलेला कमरेएवढा खोल चर, कडेला कालवं, कपारीत खेकडे. भरतीचं पाणी आधी अशा चरातून आत शिरतं आणि खाणं शोधत मासेही त्याच वाटेनं येतात.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, पाणी सगळ्यात मागे हटतं. तेव्हा तळ बघून घ्यायचा, खुणेचा खडक लक्षात ठेवायचा, भरतीला परत यायचं. (भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते हे मला पाठ होतं. उपयोग शून्य.)

बोलता बोलता त्यांनी मागे बोट दाखवलं. आम्ही आणि किनारा यांच्या मधल्या घळीत पाणी शिरायला लागलं होतं.

"आधी परतीची वाट बघायची. मासा नंतर."

इतके महिने भरलेल्या पाण्याकडे बघून मी नक्की काय ठरवत होतो?