३८व्या वर्षी दातांना तारा: मी कुठे अडकले

माझ्या खालच्या दातांची गर्दी लहानपणापासूनची. तेव्हा घरात पैसे नव्हते, नंतर लग्न, मुलगी, बदल्या, राहूनच गेलं. शेवटी ३८व्या वर्षी एका क्लिनिकमध्ये गेले. ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे), बाजूचा एक्स-रे, दातांचं स्कॅनिंग सगळं तासाभरात उरकलं, त्यात काहीच त्रास नाही.

खरी अडकले ती पुढे. त्या क्लिनिकमध्ये डॉक्टर पाच मिनिटं भेटले आणि मग एका काउन्सेलर मुलीसमोर बसवलं. तिचं पहिलंच वाक्य, "मॅडम, तुम्ही बँकेत काउंटरला बसता, तारा बऱ्या नाही दिसणार, अलाइनरच घ्या." अलाइनर म्हणजे दातांवर बसणारं, काढता-घालता येणारं पारदर्शक कव्हर. मी सांगितलं की मला दिवसातून पाच-सहा वेळा चहा लागतो आणि मी विसराळू आहे, चष्मासुद्धा रोज शोधते. अलाइनर दिवसाचे २० ते २२ तास तोंडात हवा, पाणी सोडून काहीही खाता-पिताना काढायचा, दात घासून परत घालायचा. हे माझ्याच्याने होणार नाही हे मला तेव्हाच कळत होतं, पण तिचं एकच, "सवय होते मॅडम." दात कसे सरकणार त्याचा व्हिडिओ दाखवला, तो बघून मी भुलले आणि दहा हजार अ‍ॅडव्हान्स भरून आले.

आठवड्याने जाऊन म्हटलं नको, फिक्स ब्रेसेस, म्हणजे दातांना चिकटवलेल्या तारा द्या, तर म्हणे प्लॅन लॅबला गेला, पैसे परत मिळणार नाहीत. बरं मग एक्स-रे आणि स्कॅन तरी द्या, तर आज सर नाहीत, उद्या या. असे पाच आठवडे काढले! लंच टाइममध्ये रिक्षा करायची, सोफ्यावर बसायचं, हात हलवत परत यायचं. शेवटी लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का मागितला, तेव्हा कुठे दोन दिवसांत फाइल मेलवर आली. पैसे गेले ते गेलेच. मला अजून राग येतो, पैशापेक्षा जास्त याचा की मी माझा स्वभाव सांगत होते आणि कोणी ऐकून घेत नव्हतं.

मग गेले त्या दुसऱ्या डॉक्टर एमडीएस ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करण्यातल्या तज्ज्ञ. त्यांनी तोंड बघायच्या आधी विचारलं, नियम पाळायला जमतं का, लोक काय म्हणतील याचं टेन्शन येतं का. शिस्तीच्या माणसाला अलाइनर चालतो, दिसण्याची फार काळजी असेल तर सिरॅमिक (दातांच्या रंगाच्या) किंवा दातांच्या आतून लावायच्या लिंग्वल, आणि माझ्यासारखीला चिकटवलेलंच बरं. मला लोकांचं काही वाटत नाही, मेटल घेतल्या.

हो, अ‍ॅडव्हान्स भरायच्या आधी रद्द केलं तर काय हे लिहून घ्या, आणि स्कॅनची कॉपी त्याच दिवशी मागा. पहिल्या आठवड्यात ओठ आतून सोलतो, ब्रॅकेटवर (तार धरायला दातावर चिकटवलेला तुकडा) मेण लावायचं. ब्रॅकेटभोवतीचे रबर पारदर्शक घेऊ नका, माझे आमटी-भाताने दुसऱ्याच दिवशी हळदीसारखे पिवळे झाले, आता राखाडी घेते.

१४ महिने झालेत, गर्दी सुटलीये, पुढचे दात जिभेला सरळ लागतात. तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवायला रिटेनर लागतोच, नाहीतर दात परत फिरतात. तर काढता-घालता येणारा मला नको, दातांच्या मागे चिकटवलेली तारच द्या, हे मी डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवलंय.