तू फक्त बसून सांग

फाल्गुनात माझ्या रेडिएशनचे पंधरावे आणि शेवटचे सिटिंग झाले. त्या संध्याकाळी घरी पेढे आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. "सुटलीस गं बाई एकदाची," असे त्या अगदी मनापासून म्हणाल्या आणि लगेच चैत्रातल्या हळदीकुंकवाला कैरीच्या डाळीसाठी हरभऱ्याची डाळ किती भिजवायची, हे त्यांनी विचारले. मला रागही आला नाही आणि हसूही आले नाही. डाळीचा आकडा आठवेना, एवढेच खरे. गेली 14 वर्षे हे हळदीकुंकू मीच पाहत आले होते.

आदल्या वर्षी आषाढात स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, मग तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने 4 केमो, त्यानंतर दर आठवड्याला एक याप्रमाणे 12, आणि शेवटी रेडिएशन. या आठ महिन्यांत सोसायटीतल्या बायकांनी आमच्या घरी पाळीपाळीने डबे पोचवले, लेकीला क्लासला सोडले, सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यामुळे उपचार संपताच आपणही लगेच कामाला लागावे, असे मलाच वाटत होते. कोणी जबरदस्ती केली, असे मी म्हणणार नाही. फरक एवढाच, की इतरांच्या हिशेबी आजार फाल्गुनात संपला होता आणि माझ्याकडे त्याच महिन्यात आजार परतू नये म्हणून लेट्रोझोल या हार्मोनविरोधी औषधाची रोजची गोळी सुरू झाली होती, जी डॉक्टरांनी किमान पाच वर्षे घ्यायला सांगितली आहे. या गोळीने सांधे आखडतात. सकाळी उठल्यावर पहिली दहा मिनिटे मुठी वळत नाहीत, आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका असल्याने कॅल्शियमच्या गोळ्या आणि हाडांच्या घनतेची तपासणीही मागे लागली आहे. काखेतल्या लसीका ग्रंथी काढल्यामुळे उजव्या हाताला सूज येण्याची शक्यता कायमची राहिली. ती येऊ नये म्हणून त्या हाताला भाजणे, कापणे, जड पिशवी लटकवणे हे सगळे टाळायचे असते, आणि ज्या घरात स्वयंपाक उजव्या हातानेच होतो तिथे हे बोलण्याइतके सोपे नसते.

थकव्याविषयी मात्र जरा सविस्तर लिहायला हवे, कारण तो बाहेरून दिसत नाही. केस परत आले, चेहऱ्यावर तेज आले, म्हणजे माणूस ठणठणीत, असा आपल्याकडे समज आहे. श्रमाने येणारा थकवा झोपेने जातो. हा जात नाही. रात्रभर झोपूनही सकाळी अकराच्या सुमारास कोणीतरी दिव्याची वात खाली ओढावी तसे होते. डॉक्टरांनी यावर विश्रांतीऐवजी चालायला सांगितले, तेव्हा मला ते उलटेच वाटले होते; पण आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास मी आमच्या नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालते आणि त्याचा गुण खरोखर येतो. दुसरा थकवा डोक्याचा. केमोनंतर अनेकांना काही महिने नावे, आकडे आणि एकाच वेळी चाललेल्या चार गोष्टी ध्यानात ठेवणे जड जाते. मला आजही जाते.

हे मला नीट कळले ते गणेशोत्सवात. महाप्रसादाला आमच्याकडे साधारण 200 पाने होतात. मंडळाच्या बैठकीत सगळ्यांनी अतिशय प्रेमाने ठरवले, की वहिनींनी कशालाही हात लावायचा नाही. "तू फक्त बसून सांग, करतो आम्ही," असे म्हणून मला खुर्ची दिली, पाठीला उशी दिली आणि हातात वही दिली. तीन दिवस मी बसून सांगत होते. तांदूळ 15 किलो, तूप किती, आचारी किती वाजता, केळीची पाने कोणाकडून, कोणाला काय सांगितले आणि कोणी काय आणले. मसालेभातासाठी 6 किलो तोंडली मी एका भावजींना सांगितली, दुपारी ते विसरून दुसऱ्यांना सांगितली, आणि दोघेही आपापल्या स्कूटरवरून पंचवटीतल्या मार्केट यार्डात जाऊन ती घेऊन आले. सोसायटीत पुढचे चार दिवस घरोघरी तोंडलीची भाजी होती. त्यावर सगळे हसले, मीही हसले. पण रात्री घरी आल्यावर रडले, कारण मला वाटले होते, की बसून सांगणे हे या सगळ्यातले सर्वांत हलके काम आहे.

ते सर्वांत जड काम होते. 3 किलो बटाटे सोलायला दिले असते, तर मधे थांबत, गप्पा मारत मी ते आनंदाने सोलले असते. बायकांच्या कामात हाताचे श्रम दिसतात आणि डोक्यातली यादी दिसत नाही, म्हणून दया दाखवताना लोक दिसणारे तेवढे काढून घेतात आणि न दिसणारे ठेवून देतात. घरीही तेच घडत होते. यजमान भाजी चिरायचे, लेक कपडे वाळत घालायची. पण उद्या दूधवाल्याचे पैसे द्यायचे आहेत, सासूबाईंची रक्तदाबाची गोळी परवा संपते आहे, बारावीचा फॉर्म भरायचा राहिला आहे, हे सगळे माझ्याच डोक्यात. "तू सांग ना, मी करतो," हे वाक्य आमच्या घरात दिवसातून दहा वेळा यायचे. शेवटी एका रविवारी मी म्हटले, की मला मदत नको, काम तोडून द्या. औषधांचा डबा, म्हणजे त्यांची खरेदी, तारखा आणि आठवण यांसकट, यजमानांचा झाला. लेकीने परीक्षेचे सगळे स्वतःकडे घेतले. स्वयंपाकघर सासूबाईंचे. ते केमोच्या काळातच त्यांच्याकडे गेले होते आणि 78 व्या वर्षी हाती आलेले राज्य त्या सोडायला तयार नाहीत, हेही सांगून टाकते. मसाल्याच्या डब्यात त्यांनी मोहरी आणि जिऱ्याच्या जागा बदलल्या आहेत. "आई, माझा हात सवयीने तिकडेच जातो," असे मी एकदा म्हणाले, तर "अगं, मग सवय बदल," असे उत्तर मिळाले. मी अजून पूर्ण बदललेली नाही.

मंडळातही मी आता लहान पण पूर्ण काम मागते. उकडीचे मोदक मला जमत नाहीत. केमोतल्या पॅक्लिटॅक्सेल या औषधाने बोटांची टोके बधिर झाली आहेत, पारीची जाडी कळत नाही, आणि मोदकपात्राच्या वाफेजवळ उजवा हात नेणेही नको. सारण मात्र सगळे माझे. नारळ खोवलेला आणून द्यायचा, त्यापुढे कोणी काही विचारायचे नाही आणि मीही कोणाला काही सांगायचे नाही.

एक काम मात्र कोणी न विचारता माझ्याकडे आले. नात्यातल्या, ओळखीतल्या कोणालाही गाठ लागली, की फोन मला येतो, आणि रिपोर्टचे फोटो मोबाइलवर पाठवले जातात. सुरुवातीला मी रात्री बारालाही बोलत असे आणि मग पहाटेपर्यंत जागी राहत असे. आता मी संध्याकाळी चार ते पाच एवढ्यातच फोन घेते, रिपोर्ट वाचत नाही, आणि मला माहीत आहे तेवढेच सांगते: डॉक्टरांकडे जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या, सोबत उत्तरे लिहून घेणारे माणूस न्या, काखेतल्या ग्रंथी काढल्या असतील तर त्या हातावर सुई आणि रक्तदाबाचा पट्टा शक्यतो नको हे दर वेळी स्वतःच सांगा. यावर एक चुलत नणंद रुसली आहे. रुसू दे.

परवा सोलापूरहून यजमानांच्या आत्याबाईंचा फोन आला, की 2027 च्या सिंहस्थाला आम्ही सगळे येतोच. नाशिककरांना हे फोन नवे नाहीत. 2015 मध्ये आमच्याकडे तीन आठवड्यांत 22 माणसे उतरली होती आणि त्यांतल्या प्रत्येकाचे पाणी तापवण्यापासून रामकुंडाचा रस्ता सांगण्यापर्यंत सगळे मी केले होते. आत्याबाई म्हणाल्या, "तू काही करू नकोस हं, आम्हीच करू सगळे, तू फक्त बसून सांग." मी म्हटले, "आत्या, जरूर या. घरात सहा गाद्या आहेत. बाकी सगळे यांना विचारा," आणि फोन यजमानांच्या हातात दिला.