घरच्या बागेसाठी फळझाडं निवडताना: फळ कुठल्या फांदीवर येतं ते आधी बघा

मंडळी, बागेचं अपडेट. यावेळी लागवड फारशी झाली नाही पण कुठली झाडं घ्यायची ते जवळपास ठरलंय, आणि मला ते काम खड्डे खणण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

उष्ण हवामानात झाड जगेल का हा प्रश्न फार अवघड नसतो. झाड जगतं, वाढतं, आणि वाढतच राहतं, मग काही वर्षांनी सगळी फळं शेंड्याला आणि खाली नुसती सावली. म्हणून यावेळी पहिली चाळणी हीच लावली की या झाडाला फळ कुठल्या फांदीवर येतं. नवीन फुटीवर येत असेल तर दरवर्षी छाटून झाड हाताच्या उंचीत ठेवता येतं आणि छाटणीमुळेच फळ मिळतं. फांदीच्या टोकाला किंवा जुन्या लाकडावर येत असेल तर छाटणी कधी आणि किती हा हिशोब वेगळा, आणि जागा कमी असेल तर तो आधीच करायला हवा.

या चाळणीत सगळ्यात वर आला पेरू. त्याच्या कळ्या चालू फुटीवरच येतात, पानाच्या बगलेत, फुटीच्या सुरुवातीच्या पेरांवर. बागेतल्या पेरूचे शेंडे मारले होते, आता आडव्या फांद्यांवर छान फुटी आल्यात आणि काहींवर कळ्याही दिसतायत. फळमाशी येणार हे धरून चाला, फळ सुपारीपेक्षा थोडं मोठं झालं की पिशवी चढवायची. मिथिल युजेनॉलचा सापळा लावला तर त्यात नर माश्या सापडतात, त्यामुळे माशी कधी वाढतेय ते कळतं, पण फळात अंडी घालणारी मादी त्याने थांबत नाही, म्हणून पिशवी हवीच.

अंजीर आणि तुती याच गटात. अंजिराचा मुख्य बहर चालू वर्षाच्या फुटीवर येतो, मात्र रोप घेताना जात विचारा, कारण साध्या गटातली अंजिरं परागणाशिवाय पोसतात पण स्मिर्ना गटाला एका विशिष्ट बारीक किड्याची गरज असते, तो किडा नसेल तर फळं पिकायच्या आधीच गळतात. तुतीबद्दल एवढंच की छाटा, पाणी द्या, ती फळतेच. बोर आणि फालसा हेही मला फार आवडलेले उमेदवार आहेत. बोर उन्हाळ्यात पानं गाळून विश्रांती घेतं, त्याच वेळी कडक छाटणी करायची आणि येणाऱ्या फुटीवर बोरं धरतात. शिवाय पाणी कमी असलं तरी ते तग धरतं, उष्ण कोरड्या जागेसाठी आणखी काय पाहिजे.

सीताफळावर मी जास्त वेळ घालवला आणि त्याचं मला खरंच कौतुक वाटतं. त्याचा डोळा, म्हणजे जिथून नवी फूट निघते तो कोंब, पानाच्या देठाच्या बुडाखाली झाकलेला असतो, म्हणजे पान गळल्याशिवाय किंवा आपण काढल्याशिवाय तो फुटत नाही. हे कळल्यावर छाटणीबरोबर पानं का ओरबाडतात ते लक्षात आलं. दुसरी गोष्ट परागणाची, फूल आधी मादी अवस्थेत असतं आणि पराग नंतर सुटतात, त्यामुळे फुलं भरपूर आणि फळं मोजकी अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. उपाय म्हणजे पूर्ण उघडलेल्या फुलातले पराग संध्याकाळी डबीत झाडून घ्यायचे आणि सकाळी अर्धवट उघडलेल्या फुलात मऊ ब्रशने लावायचे. हवा फार कोरडी असेल तर हे करूनही फळ कमी धरतं. पण हाताने नीट परागण झालेलं फळ सगळीकडून सारखं भरतं, वाकडं होत नाही, त्यामुळे मेहनत वाया जात नाही.

आता आंबा. आंब्याला मोहोर पक्व फांदीच्या टोकाला येतो, म्हणून छाटणी फळ उतरवल्यावर लगेच, म्हणजे नवी पालवी थंडीपर्यंत जून होते. उशिरा छाटलं तर पुढच्या वर्षी बहुतेक नुसती पानंच. रात्री थोड्या गार झाल्या तर मोहोर चांगला येतो, बाराही महिने दमट आणि गरम जागेत त्याचा भरवसा कमी. लहान जागेसाठी मी आम्रपालीवर ठाम आहे. दशहरी आणि नीलमचा हा संकर भारतीय कृषी संशोधन संस्थेने दिला, झाड ठेंगणं राहतं आणि दरवर्षी फळतं. आणि कृपया कलमच घ्या. आपल्याकडच्या बहुतेक जाती कोयीपासून आईसारख्या येत नाहीत आणि फळाची वाटही बरीच जास्त वर्षं बघावी लागते. कागदी लिंबाचं तसं नाही, त्याच्या एका बीतून एकापेक्षा जास्त रोपं निघतात आणि त्यातली बरीचशी मूळ झाडासारखीच असतात, त्यामुळे लिंबू बीपासून लावलं तरी चालतं. चिकूचं कलम बहुतेक खिरणीच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळं असलेल्या रोपावर, बांधलेलं असतं, जोडाखालून फुटलेलं काहीही लगेच काढा नाहीतर खुंटच झाड होऊन बसतो.

यादीतून काढलेल्यांबद्दल थोडक्यात. सफरचंदाला फुलण्यासाठी थंडीत साधारण ७ अंशांखालचे गारव्याचे तास मिळावे लागतात, नेहमीच्या जातींना ८०० ते १००० किंवा जास्तही. अॅना आणि डॉर्सेट गोल्डन खूप कमी तासांत फुलतात, एकमेकींना परागही देतात, पण म्हणजे दोन झाडं आली आणि तेवढी जागा मला पेरू-सीताफळाला द्यायचीय. अॅव्होकॅडोसाठी मन फार ओढत होतं. पण त्याची मुळं साचलेलं पाणी अजिबात सहन करत नाहीत, मुळकूज लागते, आणि ज्या कोपऱ्यात जागा होती तिथे खड्डा खणून पाण्याने भरला तर दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच होतं. ही चाचणी प्रत्येकाने करा, काही खर्च नाही. पपईलाही पाणी साचलेलं चालत नाही, त्यामुळे ती उंचवट्यावर लावलीय, एका आळ्यात तीन रोपं. लांब लोंबत्या देठांवर फुलांचे घोस आले की ते नर झाड, खोडाला चिकटून टपोरी कळी आली की मादी, तेव्हा विरळणी करेन.

फणसाचं अजून ठरत नाहीये. फळ खोडावर आणि जाड फांद्यांवर येतं, म्हणजे शेंडा कापून झाड बुटकं ठेवलं तरी फळाची जागा शाबूत राहते, तर्काने तो माझ्या चाळणीत बसतो. पण घेर आणि मुळांचा पसारा मोठा, आणि भिंतीपासून हवं तेवढं अंतर मला सोडता येईल का ते मोजतेय. कुणी फणस छाटून आटोक्यात ठेवला असेल तर उंची किती ठेवलीत आणि पहिला शेंडा कधी मारलात ते नक्की सांगा, खड्डा त्यानंतरच खणेन.