द्वारका चौकातला सायरन

आज द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि मागून रुग्णवाहिकेचा सायरन आला. मी चक्क गाडीतून उतरायलाच निघालो! वर्षभर अंटार्क्टिकातल्या 'मैत्री' या भारतीय संशोधन केंद्रावर राहून आल्याचा परिणाम, दुसरं काय. तिथे अलार्म वाजला की ताट टाकून पळायचं. अंटार्क्टिकात थंडीपेक्षा धास्ती आगीची. हवा खडखडीत कोरडी, बाहेर सगळं पाणी गोठलेलं, आणि हिवाळ्यात ना जहाज येत ना विमान. आम्हीच फायर ब्रिगेड, आम्हीच स्ट्रेचर उचलणारे. आचारीसुद्धा. एका सराव ड्रिलच्या वेळी बकल लागेना म्हणून हातमोजा काढला, तर बोटं लोखंडाला चिकटली. करंगळीचं टोक अजून बधिरच आहे.

आज एका रिक्षावाल्या काकांनी रिक्षा पार फुटपाथवर चढवून वाट दिली. घरी सांगितलं, तर आई म्हणे, "बरं, मिसळ गार होतेय."