औषधाच्या कपाटावरचा कागद

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आमचे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पावसाळा तोंडावर आला, बांधावरचे दगड हलू लागले आणि गोवऱ्यांचे ढीग आडोशाला नेण्याची घाई सुरू झाली की विंचू चावलेले रुग्ण येऊ लागतात. बहुतेकांना असह्य वेदना होतात आणि त्या ओसरतातही. काहींचे, त्यातही लहान मुलांचे, दुखणे मात्र तेवढ्यावर थांबत नाही. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंना सतत चेतवत राहते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर ताण येतो आणि काही तासांत फुफ्फुसांत पाणी साचू लागते. अशी मुले पूर्वी डोळ्यांदेखत जात.

ते चित्र पालटले ते एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉक्टरमुळे, आणि ते मूळचे आपल्याच मराठवाड्यातल्या जालना जिल्ह्यातले. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील बिरवाडीला असे रुग्ण पाहिले, रात्ररात्र त्यांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली. त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि पुढे रक्तदाबावरच्या प्राझोसिन या स्वस्त गोळीने या विषबाधेवरचा उपचारच बदलून टाकला. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. सवयीने टोचल्या जाणाऱ्या स्टेरॉइड आणि अॅलर्जीच्या इंजेक्शनांनी ते होत नाही.

खेड्यातल्या रुग्णांच्या उशाशी जन्मलेले हे ज्ञान खेड्यात परत यायला मात्र वाट सरळ नाही. परदेशी नियतकालिकांतले जुने लेख पूर्ण वाचायचे तर वर्गणी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘हिनारी’ योजनेतून गरीब देशांतील संस्थांना अशी नियतकालिके मोफत किंवा अल्प दरात मिळतात. भारत त्या यादीत नाही. केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना २०२५ पासून सुरू झाली, पण ती शासकीय उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे. आमच्यासारख्यांच्या हाती उरते ते जे मुळातच सर्वांना खुले आहे तेच. सुदैवाने डॉ. बावस्करांचा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधला २०११ चा शोधनिबंध तसा खुला आहे. केवळ प्राझोसिन घेतलेल्या ३५ रुग्णांपैकी ८ जण दहा तासांत विषबाधेतून पूर्ण बाहेर आले. सोबत विंचवाच्या विषावरचे प्रतिविषही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण आले, असे त्यात नोंदले आहे.

तो वाचून मी आणि आमच्या सिस्टरनी मराठीत एक पानी कागद तयार केला. कोणती लक्षणे पाहायची, वजनाच्या किलोमागे ३० मायक्रोग्रॅम या हिशेबाने किती किलोला गोळीचा केवढा तुकडा, तीन तासांनी पुन्हा काय तपासायचे, पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू नये म्हणून रुग्णाला उठू का द्यायचे नाही, असे सारे मोठ्या अक्षरांत लिहिले. शहरातल्या औषध दुकानांत ही गोळी बहुधा सावकाश विरघळणाऱ्या प्रकारात मिळते आणि ती तोडून चालत नाही, म्हणून साधी एक मिलिग्रॅमची गोळी रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून मागवून घेतली. एक प्रत औषधाच्या कपाटावर चिकटवली, बाकीच्या आशाताईंना दिल्या.

त्या दिवशी मी तालुक्याच्या आढावा बैठकीहून परतत होते. घाटाच्या अलीकडे सिस्टरचा फोन आला. एका वस्तीवरच्या सहा वर्षांच्या मुलाला दुपारी गोवऱ्या उचलताना विंचू चावला होता. घरच्यांनी आधी विंचू उतरवणाऱ्याकडे नेले आणि त्यात वेळ गेला. दुखणे थांबल्यासारखे वाटले म्हणून ते घरी परतले, तेव्हा आशाताई तिथे पोहोचल्या. वेदना कमी आणि घाम जास्त, हीच खूण त्यांना कागदावरून ठाऊक होती. त्यांनी मुलाचे तळपाय हातात धरून पाहिले. ते गार होते. मग त्यांनी आजीला बाजूला घेऊन विचारले, की लेकराच्या लघवीच्या जागी ताठरपणा आलाय का. आजी लाजेने गप्प होत्या, विचारल्यावर मान हलवली. ही खूण कागदावर लिहावी की नाही यावर आमची चर्चा झाली होती, कारण ती कोणी आपणहून सांगत नाही आणि मुलांमध्ये ती फार महत्त्वाची असते.

“मॅडम, वजन सतरा किलो भरलं, दोन वेळा उलटी झालीय, नाडी दीडशेच्या वर आहे,” सिस्टर म्हणाल्या. “कागदावर अर्धी गोळी आहे. देऊ का?” घाटात आवाज तुटत होता. मी रक्तदाब विचारला, तो वाढलेलाच होता. श्वासाला घरघर नव्हती. मी अर्धी गोळी द्यायला सांगितली आणि १०८ ला कळवायला लावले. सतरा किलोला ५१० मायक्रोग्रॅम होतात, म्हणजे अर्धी गोळी पुरते. हे गणित त्या घाईत कोणालाच करावे लागले नाही, ते आधीच करून भिंतीवर ठेवलेले होते.

मी पोहोचले तेव्हा मूल आडवे होते, नाकाला ऑक्सिजन होता आणि आजी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “बाई, सुई मारा की, नुसत्या गोळीनं कसं व्हईल?” मी त्यांच्या शेजारी बसून काय होते आहे ते सावकाश सांगितले. छाती तपासली, फुफ्फुसे स्वच्छ होती. घाम पुसला की परत येत होता, पण थोड्या वेळाने तो कमी झाला आणि घोट्यापाशी हाताला किंचित ऊब लागली. रुग्णवाहिकेत चढवताना आम्ही कागदाची एक प्रत केसपेपरला जोडली आणि तीवर पहिल्या मात्रेची वेळ ठळक लिहिली, म्हणजे अंबाजोगाईच्या रुग्णालयात पुढची मात्रा ठरवणाऱ्या डॉक्टरांना विचारत बसावे लागू नये.

रात्री तिथून निरोप आला, की प्रकृती स्थिर आहे. काही दिवसांनी मूल घरी आले आणि आजी त्याला दाखवायला केंद्रावर घेऊन आल्या.

माझ्या मते, खुला शोधनिबंध आणि त्या मुलाच्या हातापायांची ऊब यांच्यामध्ये जे काम उरते, ते कोणाच्याच नेमून दिलेल्या कामांत बसत नाही. म्हणून ते आपणच करायला हवे. निबंध कितीही खुला असला तरी तो इंग्रजीत असतो आणि गोळीचा तुकडा किती ते त्यात लिहिलेले नसते.

सध्या आम्ही मण्यारीचा कागद करत आहोत. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दाताच्या खुणा अनेकदा दिसत नाहीत, सूज नसते, आणि पहाटे पोटात दुखते म्हणून माणूस उठतो. पापण्या जड होणे हे लक्षण पहिल्या ओळीत घ्यावे, असे आशाताईंनी सुचवले आहे आणि ते आम्ही घेतले आहे.