आमची वाटचाल : ‘पट्टी’वरून झालेलं भांडण

२०१४ साली रत्नागिरीत मारुती मंदिरजवळच्या एका गाळ्यात दोघांनी सॉफ्टवेअरच्या धंद्याला सुरुवात केली. दुकानांचं बिलिंग, हॉटेलांचं बुकिंग, एका पतसंस्थेचं काम. त्यात विशेष काही नाही. धंदा शिकलो तो पावसच्या बाजूच्या एका आंबा बागायतदार काकांमुळे.

त्यांना वाशीच्या घाऊक बाजारात जाणाऱ्या मालाचा हिशोब ठेवणारा प्रोग्रॅम हवा होता. कोटेशनमध्ये आम्ही एक ओळ टाकली : ‘पट्टीची नोंद’. पट्टी म्हणजे दलालाने पाठवलेला विक्रीचा हिशोब; गाडी गेली की अशी एक पट्टी येते, एवढीच आमची समज. मार्चमध्ये हंगाम लागला आणि काका पिशवी घेऊन हजर. टेबलावर पट्ट्या मांडल्या. एकाच गाडीतल्या साठ पेट्या तीन दिवसांत विकलेल्या. चार डझनीचा भाव वेगळा, सहा डझनीचा वेगळा, प्रत्येकीत हमाली-भाडं कापलेलं. “आता ह्या कुठे भरू, सांगा.”

आमच्या मते ते जादा काम, त्यांच्या मते ठरलेलंच. निम्मे पैसे अडकले, त्यांच्या वकील जावयाने नोटिशीची भाषा काढली. शेवटी दोघांच्या ओळखीचे एक निवृत्त बँक मॅनेजर मध्ये पडले. काकांच्या ओटीवर बसून त्यांनी मला एकच विचारलं, “ही ओळ लिहिण्याआधी पट्टी बघितली होतीत?” नव्हती. जादा काम निम्म्या दरात करायचं, अडकलेले पैसे हंगाम संपल्यावर मिळायचे, असं ठरलं. मला ते तेव्हा महाग वाटलं होतं.

आता कोटेशनआधी गिऱ्हाइकाचे मागच्या वर्षीचे २० खरे कागद मागतो. ते प्रोग्रॅममध्ये बरोबर उतरले की काम पुरं, असं करारातच लिहितो. मधेच सुचलेला ‘छोटासा’ बदल (तो कधीच छोटा नसतो) रक्कम-तारखेसह पाठवतो. व्हॉट्सॲपवर ‘ठीक’ आल्याशिवाय हात लावत नाही. एप्रिल-मेमध्ये तर नाहीच. वाद झालाच तर आधी मालक-मालक, मग मध्यस्थ, मग लवाद, तोही रत्नागिरीतच. मुंबईच्या तारखा ना त्यांना परवडत, ना आम्हाला.

आमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे. लहान उद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्याने (एमएसएमईडी) करारात काहीही मुदत असली तरी ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात; थकले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. बिलावर ही ओळ छापलेली असते. ती वापरायची पाळी एकदाच आली, समुद्रकाठच्या एका हॉटेलवर. ओळखीतलं काम म्हणून करारच केला नव्हता. अशा वेळी मुदत १५ दिवसांची. थकलेल्या पैशांचे असे वाद ऐकणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे अर्ज केलाय, समेटाची पहिली तारीख लागलीय.